प्रशांत महासागर आणि पाथर्डीचे आभाळ

दरवर्षी एप्रिलच्या मध्यास भारतीय हवामान विभागाचा मोसमी पावसाविषयीचा पहिला अंदाज प्रसिद्ध होतो आणि त्या दिवसापासून नगर जिल्ह्यातील बाजार समित्यांच्या आवारांत, सेवा सोसायट्यांच्या ओट्यांवर आणि तालुक्याच्या कचेऱ्यांत दुसरा विषय निघत नाही. पूर्वी मृगाचे वाहन कोणते, कोल्हा की बेडूक, म्हैस की मोर, याची चौकशी होत असे. आता तिच्या जोडीला ‘यंदा एल निनो आहे काय?’ हा प्रश्न येऊन बसला आहे. पेरू देशाच्या किनाऱ्यावरील कोळ्यांच्या बोलीतला हा शब्द शेवगाव-पाथर्डीच्या ज्वारी पिकविणाऱ्याच्या तोंडी रुळावा, ही गोष्ट वरवर पाहता गमतीची वाटेल. वास्तविक तीत गंमत नाही. सोळा हजार किलोमीटरांहून अधिक दूर असलेल्या सागराचे पाणी दोन-तीन अंशांनी तापले म्हणजे आपल्या शिवारातले आभाळ कोरडे जाण्याचा संभव वाढतो, हे आता विज्ञानाने निर्विवाद ठरविले आहे. प्रश्न आहे तो या ज्ञानाचे आपण काय करतो हा. आणि त्याचे उत्तर समाधानकारक नाही, हे आम्हांस आज स्पष्टपणे सांगावयाचे आहे.

२०२४ पासून ज्याचे अधिकृत नाव अहिल्यानगर झाले, तो हा जिल्हा क्षेत्रफळाने महाराष्ट्रात सर्वांत मोठा आहे. त्याच्या पश्चिम टोकाला अकोले तालुक्यात कळसूबाई, रतनगड आणि घाटघर यांच्या परिसरात वर्षाकाठी चार-पाच हजार मिलिमीटर पाऊस कोसळतो. तेथून पूर्वेस दीडशे किलोमीटरांवर पाथर्डी, कर्जत, जामखेड या तालुक्यांत सरासरी पाच-साडेपाचशे मिलिमीटरच्या आसपास रेंगाळते आणि तीही अनेक वर्षी गाठली जात नाही. सह्याद्रीने अडविलेल्या ढगांचे पाणी घाटमाथ्यावर रिकामे होते व उरलेला कोरडा वारा पूर्वेकडे सरकतो. पर्जन्यछायेचा हा धडा शाळेतल्या मुलालाही पाठ असतो. भंडारदऱ्याचे १९२६ मध्ये पुरे झालेले धरण, राहुरीजवळचे मुळा धरण आणि अलीकडचे निळवंडे ही सारी धरणे या विषमतेवर माणसाने काढलेले उत्तर होय. त्या पाण्यावर श्रीरामपूर, राहाता, कोपरगाव, राहुरी, नेवासे या भागांत ऊस उभा राहिला आणि लोणीसारख्या खेड्यात सहकारी साखर कारखानदारीचा पाया घातला गेला. परंतु धरण पाणी साठविते, पाणी निर्माण करीत नाही. घाटमाथ्यावरचा पाऊसही शेवटी त्याच वाऱ्यांच्या मर्जीवर अवलंबून असतो आणि त्या वाऱ्यांची नाडी फार दूर आहे.

ती कोठे आहे, हे थोडक्यात सांगणे अवश्य आहे. प्रशांत महासागरात विषुववृत्तालगत एरवी पूर्वेकडून पश्चिमेकडे वारे वाहतात. ते वरचे उबदार पाणी इंडोनेशियाच्या बाजूस लोटतात आणि पेरूच्या किनाऱ्याशी खोल तळाचे थंड पाणी वर येते. जेथे समुद्र उबदार, तेथे हवा वर चढते, ढग जमतात, पाऊस पडतो. वर गेलेली हवा उंचावरून पूर्वेकडे जाऊन पेरूजवळ खाली उतरते. हे वायूचे अवाढव्य रहाटगाडगे होय. काही वर्षांच्या अंतराने हे वारे मंदावतात, उबदार पाणी माघारी पूर्वेकडे पसरते आणि त्यापाठोपाठ ढगांचे माहेरघरही पूर्वेकडे सरकते. मग जेथे हवा वर चढावयाची त्या इंडोनेशिया-भारताच्या बाजूस ती खाली उतरू लागते. खाली उतरणारी हवा कोरडी असते; ती ढगांस वाढू देत नाही आणि मोसमी वाऱ्यांचा जोर मोडतो. नाताळच्या सुमारास हे ऊन पाणी किनाऱ्याशी जाणवते म्हणून पेरूच्या कोळ्यांनी त्याला ‘एल निनो’, म्हणजे बाळ येशू, असे नाव दिले. त्यांची चिंता मासळीची होती. आपल्या घरी हे बाळ पाळण्याऐवजी दुष्काळ घेऊन येते.

हा संबंध उलगडला तो मात्र पेरूमध्ये नव्हे. तो हिंदुस्थानातील दुष्काळाच्या पोटी जन्मला, ही गोष्ट नगरकरांनी तरी विसरू नये. १८७६ मध्ये दख्खनचा पाऊस चुकला आणि नगर, पुणे, सातारा, सोलापूर हे जिल्हे होरपळून निघाले. सावकारी पाशाविरुद्ध पारनेर-श्रीगोंद्याकडचा शेतकरी आदल्याच वर्षी उठला होता. त्याच्या घरात धान्याचा दाणा उरला नव्हता. पुढच्या वर्षी प्रशांत महासागर विलक्षण तापला, दुष्काळ उत्तर हिंदुस्थानात पसरला आणि त्याच सुमारास उत्तर चीन व ईशान्य ब्राझील या देशांतही लोक अन्नावाचून मरू लागले. हिंदुस्थानात ५० लाखांहून अधिक माणसे त्या दोन-तीन वर्षांत दगावली, असा इतिहासकारांचा अंदाज आहे. दौंड-मनमाड लोहमार्ग १८७८ मध्ये सुरू झाला तो याच काळात. हवामान खाते १८७५ मध्ये नुकतेच स्थापन झाले होते. त्याचे प्रमुख हेन्री ब्लॅनफर्ड यांना आढळले की, वायुभारमापकातील पारा नेहमीपेक्षा चढाच राहिला आहे. त्यांनी परदेशच्या वेधशाळांशी पत्रव्यवहार केला, तेव्हा ऑस्ट्रेलियातही तोच प्रकार असल्याचे दिसून आले. दोन खंडांचे आभाळ एकाच वेळी रुसते, ही शंका तेथे प्रथम आली.

१८८६ पासून सरकार पावसाचे अंदाज नियमितपणे प्रसिद्ध करू लागले. ब्लॅनफर्ड यांचे उत्तराधिकारी सर जॉन एलियट यांनी १८९९ मध्ये पाऊस सरासरीहून बरा होईल असे भाकीत केले आणि त्याच वर्षी देशावर भीषण अवर्षण ओढवले. या नामुष्कीनंतर १९०४ मध्ये खात्याची सूत्रे केंब्रिजच्या एका गणितज्ञाकडे, गिल्बर्ट वॉकर यांच्याकडे आली. हवामानशास्त्राचे पूर्वशिक्षण नसलेल्या या गृहस्थाने जगभरच्या वेधशाळांतील वायुभार, तापमान आणि पाऊस यांची आकडेवारी मागविली आणि हिंदी कारकुनांच्या हातून वर्षानुवर्षे तिचे परस्परसंबंध गणून घेतले. त्या काळी गणकयंत्र नव्हते. कागद, शाई आणि चिकाटी एवढेच भांडवल होते. त्यातून त्यांना दिसले की, प्रशांत महासागरावर वायुभार वाढला की हिंदी महासागराच्या बाजूस तो घटतो आणि एक उतरला की दुसरा चढतो. १९२४ मध्ये त्यांनी या झोक्याला ‘दक्षिणी आंदोलन’ असे नाव दिले. निवृत्त होऊन ते मायदेशी गेले तेव्हा अनेकांनी या आकडेमोडीची थट्टाच केली, कारण हे का घडते याचे उत्तर त्यांच्यापाशी नव्हते. ते याकोब ब्यर्कनेस यांनी १९६९ मध्ये दिले: समुद्राचे तापणे आणि वायूचे आंदोलन ही एकाच घटनेची दोन अंगे आहेत. त्या रहाटगाडग्याला त्यांनी वॉकर यांचेच नाव दिले.

या शोधाची सूत्रे पुढे पुण्याच्या हाती यावीत, हे महाराष्ट्रास भूषणावह आहे. हवामान खात्याचे कार्यालय १९२८ मध्ये सिमल्याहून पुण्यास हलले आणि शिवाजीनगरच्या त्या इमारतीला पुणेकर अजूनही ‘सिमला ऑफिस’ म्हणतात. १९६२ मध्ये स्थापन झालेल्या पुण्याच्या उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेत डी. आर. सिक्का यांनी १९८० च्या सुमारास एल निनो आणि भारतातील अवर्षण यांचा संबंध मांडला. पुण्यात वाढलेल्या सुलोचना गाडगीळ यांनी सिक्कांसमवेत त्याच वर्षी उपग्रहाच्या छायाचित्रांवरून दाखविले की, विषुववृत्तावरचे ढगांचे पट्टे उन्हाळी मोसमात टप्प्याटप्प्याने उत्तरेकडे सरकतात. जुलै-ऑगस्टात जी पावसाची उघडीप आपला जीव खाते, तिचे मर्म या चढउतारात आहे. जुलै २०२५ मध्ये त्या निवर्तल्या. त्यांच्या कार्याची ओळख आपल्या शाळा-महाविद्यालयांतून किती जणांस आहे, कोण जाणे!

एवढ्यावरून कोणी असा निष्कर्ष काढील की, प्रशांत महासागराचे तापमान पाहिले म्हणजे पंचांगाचे काम झाले, तर तो सपशेल चुकेल. १९९७ साली एल निनो अतिबलवान होता. तरी देशाचा पाऊस सरासरीहून किंचित अधिकच झाला. २००२ मध्ये तो त्यामानाने क्षीण होता, तरी जुलै महिना जवळजवळ निम्मा कोरडा गेला आणि देशावर दुष्काळ पडला. याचे एक कारण १९९९ मध्ये उजेडात आले. त्यात भूपेंद्रनाथ गोस्वामी व विनयचंद्रन या भारतीय शास्त्रज्ञांचा वाटा होता. हिंदी महासागराचाही स्वतःचा एक झोका आहे. आफ्रिकेकडची बाजू तापली आणि सुमात्राकडची निवली म्हणजे तो पावसास हात देतो. १९९७ मध्ये त्याने तसाच हात दिला. शिवाय प्रशांत महासागर पूर्वेकडे तापतो की मध्यावर, यावरही बरेच अवलंबून असते. मध्यभाग तापला तर भारतास त्याची झळ अधिक बसते, असे पुण्याच्याच शास्त्रज्ञांनी २००६ मध्ये दाखविले. म्हणून सांगावयाचे ते एवढेच की, देशातील निम्म्याहून अधिक मोठी अवर्षणे एल निनोच्या वर्षी पडली आहेत. परंतु प्रत्येक एल निनोच्या वर्षी अवर्षण पडलेले नाही. हा शापही नव्हे आणि वरदानही नव्हे. ही शक्यता आहे, आणि शक्यतेशी व्यवहार करण्याची सवय आपण लावून घेतलेली नाही.

दूरच्या आभाळाशी आपले नाते एवढ्यावर संपत नाही. मोसमी वाऱ्यांचा उगम मॉरिशसच्या बाजूच्या जड हवेत आहे; तेथून निघालेला वारा विषुववृत्त ओलांडून सोमालियाच्या किनाऱ्याला वळसा घालून आपल्याकडे येतो. जिल्ह्याच्या पूर्व भागातील रब्बी ज्वारी ज्या उत्तरा-हस्ताच्या पावसावर पोसते, तो बंगालच्या उपसागरातून सरकत आलेल्या कमी दाबाच्या पट्ट्यांचा असतो. त्यांतील काही तर दक्षिण चिनी समुद्रातील वादळांचे विरलेले अवशेष असतात. २०१४ च्या फेब्रुवारी-मार्चमध्ये गारपिटीने महाराष्ट्रभर रब्बी पिके, कांदा आणि फळबागा झोडपल्या, तेव्हा तिच्यामागे भूमध्य समुद्राकडून येणारे पश्चिमी झंझावात दक्षिणेकडे उतरल्याचे कारण होते. आणि ज्या सीनेच्या पात्रात एरवी वाळूच दिसते, तिलाच २०२५ च्या सप्टेंबरात महापूर आला व काठच्या शेतांतील माती वाहून गेली. आपले शिवार आपल्या मालकीचे असेल. त्यावरचे आभाळ मात्र साऱ्या जगाचे सामाईक आहे.

१९७२ च्या दुष्काळाची आठवण येथे टाळता येत नाही. त्या वर्षी प्रशांत महासागर तापला, पेरूची मासेमारी कोसळली, सोव्हिएत रशियाने जगाच्या बाजारातून गहू उचलला आणि महाराष्ट्रात अगोदरच्या तुटीच्या पावसावर आणखी एक कोरडे वर्ष कोसळले. नगर जिल्ह्यातील वडीलधाऱ्यांना अमेरिकेतून आलेला लाल मिलो, कामावर वाटली जाणारी सुकडी आणि खडी फोडणाऱ्या स्त्रियांच्या रांगा आजही आठवतात. १९७३ च्या मे महिन्यात राज्यात दुष्काळी कामांवर सुमारे ५० लाख माणसे होती. तरीही १८७७ सारखे मृत्यूचे थैमान झाले नाही. समुद्र तोच होता, आभाळ तेच होते. मध्ये शासनव्यवस्था उभी राहिली होती. वि. स. पागे यांच्या कल्पनेतील रोजगार हमी योजना त्या भट्टीतून तावून-सुलाखून निघाली आणि पुढे कायद्यात आली. पाऊस न पडणे ही निसर्गाची गोष्ट आहे, दुष्काळ पडणे ही माणसांची, हा १९७२ चा बोध आहे.

आता अलीकडचे वर्ष घ्या. २०२३ च्या एप्रिलमध्येच हवामान विभागाने एल निनोची शक्यता वर्तविली होती. देशाचा पाऊस सरासरीच्या ९६ टक्के होईल असा अंदाज होता आणि प्रत्यक्षात तो ९४ टक्के झाला. आकडा जवळजवळ बरोबर ठरला. पण त्या चार महिन्यांत ऑगस्ट १९०१ पासूनच्या नोंदींत सर्वांत कोरडा गेला. बाजरी, मूग, सोयाबीन माना टाकीत असताना शेतकऱ्याला त्या ९४ टक्क्यांचा काय उपयोग? संबंध देशाची चार महिन्यांची सरासरी ही अर्थमंत्र्यांच्या कामाची. पेरणी करणाऱ्याच्या कामाची नव्हे. त्यानंतर जायकवाडीचा साठा अपुरा भरला, समन्यायी वाटपाचा नियम लागू झाला आणि ऑक्टोबरअखेर ८.६ टीएमसी पाणी नगर-नाशिकच्या धरणांतून खाली सोडण्याचा आदेश निघाला. त्यात निम्म्याहून अधिक वाटा मुळा आणि प्रवरा खोऱ्यांचा होता. मग मोर्चे निघाले, न्यायालयांत धावाधाव झाली, एकाच गोदावरीच्या पाण्यावर पोसलेली माणसे एकमेकांस वैऱ्यासारखी पाहू लागली; नोव्हेंबर संपता संपता पाणी सुटले ते कटुतेच्या गाळासह.

आमचा प्रश्न असा आहे: जी गोष्ट एप्रिलात संभवनीय आणि जूनमध्ये उघड झाली होती, तिच्यावरचा निर्णय १५ ऑक्टोबरच्या साठ्यापर्यंत का थांबावा? मराठवाड्याचा तहानेचा हक्क आम्ही नाकारीत नाही. खालच्या माणसाच्या घशाला कोरड असता वरच्याने पाटाचे पाणी मिरवावे, हा न्याय नव्हे. परंतु पाणी द्यावयाचे आहे हे ज्याला जुलैत कळते तो पीक बदलू शकतो. ज्याला नोव्हेंबरात कळते तो केवळ रडू शकतो. म्हणून एल निनोची शक्यता वर्तविली गेलेल्या प्रत्येक वर्षी मेअखेर नगर, नाशिक आणि मराठवाड्याच्या प्रतिनिधींची संयुक्त बैठक व्हावी, पाऊस भरला तर काय आणि हुकला तर काय, याची कोष्टके तेव्हाच मान्य करून जाहीर करावीत आणि कालवा सल्लागार समित्यांनी त्यांनुसार आवर्तनांचे आराखडे दोन पर्यायांत मांडावेत. आदेश ऑक्टोबरात निघो. पण तो कोणास अनपेक्षित नसावा.

दुसरी गोष्ट उसाची. आणि ती येथे बोलणे लोकप्रिय नाही, म्हणूनच बोलली पाहिजे. आडसाली ऊस जुलै-ऑगस्टात लावला जातो आणि सोळा-अठरा महिने शेतात उभा राहतो. म्हणजे पाऊस कळण्यापूर्वीच पुढच्या संपूर्ण उन्हाळ्याचे पाणी आपण त्याला लिहून देतो. एल निनोच्या वर्षी साखर कारखान्यांनी आडसाली लागवडीच्या नोंदी आखडत्या हाताने घ्याव्यात आणि सभासदांस ऑक्टोबर-नोव्हेंबरच्या पूर्वहंगामी लागवडीकडे वळवावे. त्यावेळी धरणात किती पाणी आहे हे डोळ्यांनी दिसत असते. पाऊस चांगला झाला तर उताऱ्यात थोडे नुकसान होईल, हे खरे. पण न झाला तर उभा ऊस जनावरांपुढे टाकण्याची पाळी टळेल. भाकीत चुकले तर हसे होईल, या भयाने हात बांधून बसणाऱ्यांस आमचे हेच उत्तर आहे की, असे उपाय निवडा, जे पाऊस आला तरी अंगावर येणार नाहीत. चाऱ्याची तजवीज, रोजगार हमीच्या कामांची तयार यादी, पिण्याच्या पाण्याचे राखीव साठे, यांतले काय वाया जाते?

तिसरी गोष्ट ज्ञानाच्या वाटपाची. महावेध प्रकल्पाने महसूल मंडळांच्या पातळीवर स्वयंचलित केंद्रे उभी केली आहेत. त्यांचे आकडे पीकविम्याच्या भांडणापुरते राहू नयेत. राहुरीच्या कृषी विद्यापीठाने आणि हवामान विभागाने पंधरवड्याचा अंदाज शेतकऱ्याच्या मराठीत, शक्यतेच्या भाषेत आणि तालुक्याच्या हिशेबाने सांगावा. दहांपैकी सहा वर्षे असे घडते आणि चार वर्षे घडत नाही, हे ज्याला समजावून सांगितले तो फसवला गेल्याची भावना घेऊन परतत नाही. आपला शेतकरी जुगारी नाही. पण माहितीअभावी त्याला दरवर्षी जुगार खेळावा लागतो.

हे अशक्य आहे असे म्हणणाऱ्यांनी नगर शहरापासून फार दूर नसलेल्या हिवरे बाजारास जाऊन यावे. पोपटराव पवार यांच्या नेतृत्वाखाली त्या गावाने पडलेला पाऊस मोजण्याची आणि त्यानुसार पाण्याचा ताळेबंद ग्रामसभेत मांडण्याची शिस्त लावून घेतली. पाणी कमी असेल त्या वर्षी कोणती पिके घ्यावयाची नाहीत, हे गाव ठरविते. शेतीसाठी विंधन विहिरींना आणि ऊस-केळीसारख्या पिकांना तेथे मज्जाव आहे. प्रशांत महासागराचे तापमान हिवरे बाजारच्या हाती नाही. आपल्या गरजेचे मोजमाप मात्र आहे. जे एका खेड्याने केले ते चौदा तालुक्यांच्या जिल्ह्याला आणि तज्ज्ञांची फौज पदरी बाळगणाऱ्या सरकारला का करता येऊ नये?

आणि शहरातील सुशिक्षित वाचकांनो, हा केवळ शेतकऱ्याचा प्रश्न आहे, असे मानून पान उलटू नका. नगर शहराच्या नळाला मुळा धरणाचे पाणी येते. ते पाणी कोणत्या वर्षी किती दिवसांआड येणार, याचाही निर्णय त्याच दूरच्या सागरावर काही अंशी अवलंबून असतो. वॉकर यांच्या हाताखालच्या अनामिक हिंदी कारकुनांनी शंभर वर्षांपूर्वी कागदावर आकड्यांच्या राशी घालून आपल्याला एक गोष्ट दिली: अवर्षणाची काही महिने आधी मिळणारी सूचना. १८७७ च्या माणसांपाशी ती नव्हती आणि ते मेले. आपल्यापाशी ती आहे. तिचा उपयोग न करता पुढच्या कोरड्या वर्षी पुन्हा आभाळाकडे बोट दाखविले, तर तो दोष आभाळाचा मानला जाणार नाही.